वरल्या आत्याचा खोकला

आमच्या वरल्या आत्याला खोकला होता, पण तो तिचा कधीच नव्हता. म्हणजे खोकायची तीच. दोष मात्र दर वेळी दुसऱ्या कुणाचा तरी असायचा. एकदा तो शेजारच्या फणसाचा होता, एकदा मुलाने मुंबईहून आणलेल्या टेबलफॅनचा, एकदा तर टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूचा, कारण "ती बोलाया लागली का माझ्या छातीत दाटतं." महाडहून मी गेलो की खोकला महाडच्या कारखान्यांचा होई. "तुमच्या तिकडचा वारा फिरला का मला लगेच कळतं बघ, मास्तर," असं ती मला ऐकवायची. मी महाडच्या शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे कारखान्यांची जबाबदारी माझ्यावर आहे असा तिचा समज होता. महाड कुठे, पोलादपूरच्या वरच्या डोंगरातली तिची वाडी कुठे. पण एवढ्या दऱ्याखोऱ्या ओलांडून तो वारा नेमका तिच्या ओटीवर येऊन थांबायचा. समोर जो माणूस असेल त्याच्या पदरात खोकला घालायचा, ही तिची रीत होती. सरकारी दवाखान्याची आशाताई आली तर तिच्या गोळ्या उष्ण पडलेल्या असत, आणि वायरमन आला तर त्याच्या वायरींतून काहीतरी येत असे.

'दमा' हा शब्द त्या घरात चालत नसे. तो ज्याने काढला त्याला चहा मिळत नसे. खालच्या अंगाला राहणाऱ्या भागीवहिनीने एकदा काळजीने विचारलं, "आत्ये, दमा तर नाय ना गो?" सगळी वाडी तिला आत्याच म्हणायची. आत्याने कपात ओतलेला चहा परत टोपात ओतला आणि म्हणाली, "मी बरी हाय. खोकला तेवढा आजारी हाय."

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. वाडीतली घरं डोंगराच्या उतारावर चढत गेलेली. खाली बुद्धविहार, मग पाण्याची टाकी, मग घरं, आणि पार शेवटी जिथे पायवाट संपून करवंदीच्या जाळ्या सुरू होतात तिथे आत्याचं घर. म्हणून ती वरली आत्या. आतोबा मुंबईला गोदीत होते. ते गेले आणि मुलगा मिलिंद तिकडेच नोकरीला लागला. तेव्हापासून त्या शेवटच्या घरात आत्या एकटी होती.

आणि तिला तिथेच राहायचं होतं. सगळ्या गोष्टीचं मूळ हे. मिलिंद आईवर जीव टाकणारा मुलगा, पण त्याची माया फार घाईची. आईला काही झालं असं कळायचा अवकाश, तो तिला उचलून मुंबईला नेणार हे ठरलेलं होतं. त्याची खोली चौथ्या मजल्यावर. आत्या एकदाच तिथे जाऊन आली होती. "चार जिने चढून वर जायाचं आणि मंग खिडकीतून खाली बघत बसायचं," असं तिने त्या मुंबईचं वर्णन केलं होतं. दमा ठरला की मुंबई ठरली. म्हणून दमा ठरूच द्यायचा नाही, यासाठी तिने जेवढी अक्कल खर्च केली तेवढी आमच्या शाळेच्या संचालक मंडळाने मिळूनही कधी केली नसेल.

चढावर तिला धाप लागायची, तीही तिने चांगली बेमालूम लपवली होती. विहारातून घरी जाताना ती वाटेतल्या प्रत्येक घरापाशी थांबायची आणि चौकशी करायची. सून कशी आहे, म्हैस आटली का, पोराचा निकाल लागला का. समोरचा बोलत असे तोवर हिचा श्वास जागेवर येई. मग पुढचं घर. वाडीत तिची ख्याती मोठी मायाळू म्हणून होती, आणि ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण पुढेपुढे तिच्या चौकश्या इतक्या लांबायला लागल्या की लोक निकाल सांगून झाल्यावर सगळे विषय आणि त्यांचे गुणही सांगायला लागले.

आता तव्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे जुन्या बायका मशेरी लावतात. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची आणि दात घासायच्या निमित्ताने तोंडात धरून तासभर गप्पा मारायच्या. लावायला सुखाची, पण भाजताना जो ठसका उठतो त्याला तोड नाही. मांजर घर सोडतं, पाहुणे निरोप घेतात. ज्यांच्या घरात लहान पोरं, त्यांनी भाजायची कुठे? म्हणून पोलादपूरच्या बाजारातून आणलेली तंबाखूची पुडकी घेऊन वाडीतल्या साऱ्या बायका वर आत्याकडे यायच्या. आत्याच्या घरात तक्रार करायला कुणी नव्हतं आणि तिच्या हाताला मशेरीचा अंदाज होता. न करपवता, न कच्ची ठेवता, बरोब्बर काळीभोर. बायका ओटीवर बसायच्या आणि आत्या आत भाजत असायची. भाजून झालं की बाहेर येऊन तीही बसायची. असं अर्धी दुपार चाले.

भाजताना आत्या स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची, खिडकीच्या फटीत फडकं कोंबायची. वारा लागला की तंबाखूचा जोर उडून जातो, हा तिचा पक्का सिद्धांत होता. मी एकदा विज्ञानाचा मास्तर म्हणून त्यावर दोन शब्द बोललो. ती म्हणाली, "तू पोरांना शिकव. तंबाखूला मी शिकवते." गंमत म्हणजे ती स्वतः मशेरी लावत नव्हती. दात गेले, कवळी आली, तेव्हाच तिने सोडली होती. "घासू काय, हिरड्या?" असं म्हणून. त्यामुळे तंबाखूशी आपला आता काही संबंध उरला नाही, असं ती धरून चालली होती, आणि खरं सांगायचं तर आम्हीही तसंच धरलं होतं. जी गोष्ट रोज नाकासमोर असते तिच्याकडे कुणी बघत नाही.

शेवटी एकदा मी तिला फसवून महाडला आणली. नवीन चष्मा करू म्हटलं आणि डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेऊन बसवली. डॉक्टरीणबाई वयाने आत्याच्या नातीएवढ्या, पण धीराच्या. त्यांनी नीट समजावलं. छातीत दाटतं ते हृदयामुळे असेल, फुप्फुसामुळे असेल. रक्त कमी असलं तरी धाप लागते. टीबी बघावा लागेल. नुसत्या पित्तानेसुद्धा छातीत जळजळतं. एकेक तपासून बाजूला काढू. आत्या हरखून ऐकत होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "शिकलेली हाय पोर. माझ्यापेक्षा जास्त कारणं ठाव हायत तिला."

हृदयाची पट्टी काढली, ती बरी निघाली. थुंकी तपासली, टीबी नव्हता. रक्त ठीक होतं. राहिली ती नळीत जोराने फुंकायची तपासणी. आत्याने पहिली फुंकर मारली आणि कवळी निसटली. मग काही केल्या ती पुन्हा फुंकायला तयार होईना. "फुंकणी माझ्या घरी हाय. हितं येऊन कशाला फुकू?" म्हणाली. तिचं गुपित सांगणारी तीच एक तपासणी होती, आणि ती कवळीपायी राहून गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, घरात कुणी बिडी ओढतं?" "आमच्या घराण्यात बिडी कुणी शिवलेली नाय." "तंबाखू?" "मशेरी व्हती. दात गेले, ती बी गेली." "चूल?" "गॅस दिलाय ना मिलिंदनं." यातला एक शब्द खोटा नव्हता. गॅस खरंच दिला होता. त्यावर ती पाहुण्यांचा चहा करायची.

मग डॉक्टरीणबाईंनी पक्ष्यांची पिसं आणि भिजून बुरशी आलेला पेंढा, असे दोन संशयित सांगितले. माझ्या अंगात तपास करायची हौस संचारली. दुसऱ्याच रविवारी वर जाऊन मी माळ्यावरचा पेंढा खाली काढला आणि आत्याच्या कोंबड्या भागीवहिनीकडे पोचवल्या. पेंढा काढताना मला आठवडाभर पुरेल एवढ्या शिंका आल्या. आत्याचा खोकला होता तसाच राहिला. वर आता तिला तो कोंबड्यांच्या आठवणीने येतो असं कळलं. त्यातल्या दोन कोंबड्यांचा भागीवहिनीकडे डॉक्टरी सल्ल्यावरून रस्साही झाला आणि मला जेवायचं बोलावणं आलं. मी गेलो.

पुढे थंडीत तिला मी काही दिवस महाडला आमच्या घरी ठेवून घेतलं आणि जवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलं. पाण्यात पाय सोडून ती तासभर बसली. दोन-चार दिवसांत खोकला एकदम निम्म्यावर आला. रात्री गाढ झोपायला लागली. आमच्या घराचा जिनाही चौकश्या न करता चढली. "पाण्यात गंधक हाय," असं तिने सगळ्या शेजाऱ्यांना सांगितलं. वाडीवर परतली, बाजारानंतरची पुडकी आली, आणि आठवड्यात खोकला पुन्हा हजर. मिलिंदने फोनवर हे सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला की गावची हवाच आईला सोसत नाही. बुद्धपौर्णिमेला येतो आणि घेऊन जातो. "पोरगा हुशार हाय माझा," आत्या म्हणाली, "पण उलटा हाय." मात्र या खेपेस तिचा आवाज नेहमीसारखा तिखट नव्हता.

आत्या जाणार ही बातमी वाडीत फिरली. आणि आमच्या बायकांनी काय करावं? प्रत्येकीने पुढच्या चार महिन्यांच्या पावसाळ्याची तंबाखू एकदम आणली. आत्या गेल्यावर भाजणार कोण? आत्याने एकीलाही नाही म्हटलं नाही. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि मिलिंद वर चढत होतो, तर तिच्या कौलांतून धूर निघताना दिसला. मिलिंद "आग लागली" म्हणून धावत सुटला. दार ढकललं तर आत काही दिसेना. डोळे चोळत पुढे गेलो तेव्हा आत्या चुलीपाशी भिंतीला टेकून बसलेली दिसली. हातात उलथनं, तोंडाशी पदर, आणि ओठ निळसर पडलेले. "आई, काय झालं?" मिलिंदने विचारलं. ती नुसती बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने कारण सांगितलं नाही. तेव्हा मी घाबरलो.

वाडीतल्या पोरांनी तिला खुर्चीवर बसवून खाली नेलं, तिथून गाडीने महाडला. ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई छाती ऐकायला वाकल्या आणि त्यांनाच ठसका लागला. आत्याच्या लुगड्याला, केसांना, सगळ्यालाच तो वास होता.

"हा वास कसला?"

"मशेरी भाजत होती," मिलिंद म्हणाला.

"पण यांनी तर सोडली म्हणाल्या होत्या."

"तिची नाही. वाडीची."

"किती वर्षं?"

मी आणि मिलिंद बोटांवर वर्षं मोजायला लागलो. आतोबा गेले तेव्हापासून, एवढंच नक्की सांगता आलं. "दार उघडं ठेवून ना?" त्यांनी आशेने विचारलं. मास्क लावलेल्या आत्याने बोट हलवून नाही म्हटलं. तिला तंबाखूच्या जोराचा सिद्धांत सांगायचा होता, पण तेवढा श्वास नव्हता. डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, बिडी ओढणारा निदान आपली एकट्याची ओढतो. तुम्ही अख्ख्या वाडीची ओढलीत."

दोन दिवसांनी आत्या जरा सावरली, तेव्हा त्यांनी आम्हाला सगळं समजावलं. धुराने श्वासनळ्या आखडल्यात. त्या पुन्हा नव्या होणार नाहीत, पण धूर बंद झाला आणि पंप वेळच्या वेळी घेतला तर चालती-फिरती राहील. मिलिंदने मुंबईचं विचारलं. त्यांनी विचारलं, "कितवा मजला?" "चौथा." "लिफ्ट?" "नाही." "मग कशाला नेता? घरीच राहू द्या. फक्त चूल नाही आणि तवा तर अजिबात नाही." मिलिंदने मान खाली घातली. आत्या आपला खटला न बोलताच जिंकली होती.

मला वाटलं ती खुश होईल. दुपारी मिलिंद जेवायला गेला तेव्हा मी तिच्या खाटेशी बसलो आणि म्हटलं, "जिंकलीस की आत्ये. आता मुंबई टळली." ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच मास्क बाजूला करून म्हणाली, "तवा बंद झाला तर वर कोण येल रे?"

एवढी वर्षं आम्ही तिच्या छातीत काय काय शोधलं होतं, आणि तिला भीती वाटत होती ती त्या पायवाटेची, जिच्यावरून कुणी येणार नाही. मला रडू आलं ते मी खिडकीशी जाऊन आवरलं.

घरी गेल्यावर तिने शब्द पाळला. उरलेली पुडकी घ्यायला बायका आल्या तेव्हा तिने अंगणात तीन दगडांची चूल मांडायला लावली आणि आपण वाऱ्याच्या उलट्या अंगाला, ओटीच्या टोकाला खुर्ची टाकून बसली. भागीवहिनी भाजायला बसली. "हलव गो. करपंल. अजून लाल हाय," आत्या तिथून हुकूम सोडत होती. थोड्याच वेळात भागीवहिनी डोळ्याला पदर लावून उठली, दुसरी बसली, तीही खोकत उठली. उघड्या अंगणात ही अवस्था. सगळ्या जणी फणसाखाली उभ्या राहून ठसकत होत्या आणि आत्या खुर्चीत सरसावून बघत होती.

"कळलं का आता?" ती म्हणाली. "इतकी वरसं तुमच्या वाटणीचा खोकला मी खोकत व्हते."

त्यानंतर कुणी दुकानातली तयार पुडी आणायला लागलं, कुणी मशेरीच सोडली. आशाताईने कितीदा सभा घेऊन जे झालं नव्हतं ते त्या एका दुपारने केलं. पुडकी यायची थांबली. मला मात्र त्या यशाचा धसकाच बसला होता.

आत्या जाऊन आता दोन पावसाळे झाले. तिच्याच घरात गेली, मुंबईला तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही. पण ती आठवली की मला वाडीतली ती श्रावणातली एक दुपार आठवते. तवा बंद होऊन काही महिने झाले होते. शाळेला सुट्टी होती म्हणून मी न कळवता वर गेलो. पाय घसरत होते तरी भरभर चढत होतो, कारण ओटीवर ती एकटी बसलेली दिसेल ही खात्री होती. वळण घेऊन वर पोचलो तर ओटीवर पाय ठेवायला जागा नाही. ओल्या इरल्या-छत्र्यांची रास पडलेली, बायका दाटीवाटीने बसलेल्या, मधे आत्या, मांडीवर पंप.

तीही त्या सगळ्यांकडे जरा संशयानेच बघत होती. मला बसायला सांगून ती भागीवहिनीकडे वळली. "मास्तर आला तो माझा भाचा म्हणून आला. तुमी रोज काय काम काढून येता गो? आता तर तवा बी नाय."

भागीवहिनी पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "काम कधी व्हतं आत्ये? आतोबा गेले तेव्हा माझी सासू बोलली, वरली एकटी पडली, कुणी तरी रोज वर जाया पायजे. पण नुसतं बसाया आलो असतो तर तू म्हणली असतीस, माझी कीव करता. मंग सासूनं माझ्या हातात तंबाखू दिली. बोलली, सांग आमाला भाजाया जमत नाय. तिचं बघून साऱ्याच आणाया लागल्या. जमत व्हतं गो सगळ्यांना. अंगणात आमी बी भाजली असती."

आत्याने एकेकीच्या तोंडाकडे बघून घेतलं. मग ती हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, आणि भागीवहिनी तिची पाठ चोळत राहिली. पंपाचे दोन झुरके घेऊन श्वास जागेवर आल्यावर आत्या म्हणाली, "अगो बायांनो, मंग आधी सांगायचं व्हतं. मला तर तो वास जल्मात कधी सोसला नाय."